कोठडींतल्या गरिबाचा वकील

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आमच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बांधाच्या हातभर जमिनीसाठीं भावावर दावा लावणाऱ्यास ती सांगितली तर ठीकच आहे. पण फौजदारी कामांत पायरी चढावी कीं न चढावी हें आपल्या मर्जीवर कोठें असतें? रात्रीं नाक्यावर गाडी अडविली जाते, माणूस ठाण्यावर नेला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें जातें. त्या वेळीं पायरी चढलेलीच असते. प्रश्न एवढाच उरतो कीं, ती एकट्यानें चढावयाची कीं वकिलास बरोबर घेऊन. श्रीमंत माणूस ती कधींच एकटा चढत नाहीं. गरीब मात्र बहुधा एकटाच चढतो, आणि तेथेंच त्याचें निम्में काम बिघडतें. म्हणून हा विषय आज आम्हीं मुद्दाम हातीं घेतला आहे.

समजा, आठवड्याच्या बाजाराहून एक टेंपोवाला रात्रीं घरीं निघाला आहे. त्यानें दारू घेतली आहे. नाक्यावर तपासणी होते, यंत्रांत फुंकर मारावयास लावतात, आकडा वर जातो. ठाण्यावर घरचीं माणसें घाबरून धांवत येतात. तोंच एक ओळखीचा गृहस्थ पुढें होतो. “साहेब माझें ऐकतात. एवढे एवढे आणा, मी मिटवितों.” घरांत पैसा नसतो. म्हैस विकली जाते, नाहीं तर कारभारणीच्या गळ्यांतलें डोरलें गहाण पडतें. पैसे जातात, पण खटला जागच्या जागीं राहतो. कारण तो मिटविण्याचा अधिकार त्या गृहस्थास कधीं नव्हताच. तारखेच्या दिवशीं आणखी कोणी कानांत सांगतो, “गुन्हा कबूल म्हण आणि मोकळा हो.” टेंपोवाला कबूल म्हणतो, दंड भरतो, आणि पुढें परवाना अडकतो तेव्हां त्यास कळतें कीं, आपण मोकळे झालोंच नाहीं. पूर्वीं गांवांत कागद वाचणारा एक कुळकर्णी असे आणि सारा गांव त्याच्या तोंडाकडे पाही. आतां आमचीं मुलें वाचावयास शिकलीं आहेत. तरी कोर्टाच्या कागदापुढें आमचा माणूस अजून आंधळा आहे, आणि कुळकर्ण्याच्या जागीं दलाल येऊन बसला आहे.

आमच्या लिहिण्याचा कोणी उलटा अर्थ करूं नये. दारू पिऊन गाडी हांकणें हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असलाच पाहिजे. बैलगाडीच्या काळीं गाडीवान झिंगून झोंपला तरी बैल त्यास घरीं आणीत. मोटारीस तेवढी अक्कल नाहीं. दारूनें कष्टकऱ्याचें घर कसें बसतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु गुन्ह्यास कायद्यानें जी शिक्षा ठरविली आहे तेवढीच भोगावी. तिच्यावर दलालाची शिक्षा, अज्ञानाची शिक्षा आणि गरिबीची शिक्षा, अशा तीन शिक्षा आणखी कां भोगाव्या? आणि ज्यानें गुन्हा केलाच नाहीं, त्यानें तर एकहि कां भोगावी?

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचें १८५ वें कलम या गुन्ह्याचें आहे. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. २०१९ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. तोच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यांतल्या ‘किंवा’ या शब्दाकडे नीट पहावें. कैद द्यावी कीं दंडावर भागवावें हें मॅजिस्ट्रेटाच्या हातीं आहे. त्यांच्यापुढें आरोपीची घरची स्थिति, त्याचा पहिलाच गुन्हा, त्याच्यावर अवलंबून असलेलीं पोरेंबाळें यांविषयीं दोन शब्द बोलणारा वकील असला तर त्याचा उपयोग होतो. मुका उभा राहिलेल्या माणसासाठीं कोण बोलणार?

हा गुन्हा जामिनाचा आहे. म्हणजे जामीन मागणें ही याचना नव्हे, तो हक्क आहे. आणखी एक गोष्ट. जे गुन्हे पैसे भरून जागेवर मिटवितां येतात, त्यांची यादी त्याच कायद्याच्या २०० व्या कलमांत आहे. त्या यादींत १८५ वें कलम नाहीं. हा खटला कोर्टांतच जावयाचा. म्हणून रस्त्यावर किंवा ठाण्याच्या आवारांत जो कोणी “मिटवितों” म्हणतो, तो एक तर तुम्हांस फसवीत आहे किंवा लांच मागत आहे. तिसरी गोष्ट नाहीं.

यंत्रांत फुंकर मारण्यास नाकारूं नये. नाकारणें हेंच पुढें कोर्टांत अंगावर येऊं शकतें. मात्र यंत्रानें दाखविलेला आकडा आणि वेळ ध्यानांत ठेवावी. या गुन्ह्यासाठीं अटक केली तर दोन तासांच्या आंत नोंदणी झालेल्या डॉक्टराकडून तपासणी झालीच पाहिजे, आणि ती न झाल्यास माणसास सोडून दिलें पाहिजे, असें २०२ वें कलम स्पष्ट सांगतें. म्हणून घरच्या माणसानें ठाण्यावर पोंचतांच रडारड बाजूस ठेवून पहिलें काम हें करावें : अटक किती वाजतां झाली, डॉक्टराकडे किती वाजतां नेलें, परत किती वाजतां आणलें, हें एका कागदावर लिहून ठेवावें. पुढें वकिलाच्या हातीं हा चिठोरा पडला तर त्याची किंमत दलालास दिलेल्या नोटांहून मोठी ठरते.

परवान्याचेंहि असेंच आहे. अशा गुन्ह्यांत पोलीस परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवितात. पहिल्या गुन्ह्यास तीन महिने गाडी चालविण्याची बंदी होऊं शकते. पुन्हा गुन्हा घडल्यास परवाना रद्द होऊं शकतो. पण हा हुकूम करण्यापूर्वीं त्या माणसाचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे. ज्याची भाकरीच चाकावर आहे, त्या ट्रॅक्टरवाल्यास आणि टेंपोवाल्यास ही सुनावणी कोर्टाच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे. नोटीस आली तर ती आढ्यास खोंचून ठेवूं नये.

आतां अटकेचे नियम. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कायद्याचें नांव बदललें, पण मूळ हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमांतले आहेत आणि ते तसेच आहेत. अटक केलेल्या माणसास अटकेचें कारण सांगितलें पाहिजे. त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आंत त्यास मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें पाहिजे. संहितेप्रमाणें त्याच्या नातलगास किंवा स्नेह्यास अटकेची खबर दिली पाहिजे. अटकेचा लेख करावा लागतो आणि त्यावर साक्षीदाराची सही लागते. पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करतां येत नाहीं. म्हणून कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधींहि देऊं नये, आणि जो कागद पुढें येईल तो वाचून घेतल्यावांचून त्यावर सही करूं नये.

अटकेचें कारण ‘सांगितलें’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयानें ६ नोव्हेंबर २०२५ रोजीं मोठा निकाल दिला. तो कोणत्या प्रकरणांतून निघाला तें ऐकण्यासारखें आहे. ७ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईंत वरळीस एका भारी मोटारीनें स्कूटरवरून मासळी घेऊन चाललेल्या कोळी जोडप्यास धडक दिली. बाई ठार झाली, नवरा जखमी झाला. मोटार चालविल्याचा आरोप एका वजनदार घरच्या तरुणावर आहे. त्याच्या वकिलांनीं, अटकेचीं कारणें लेखी दिलीं नाहींत, हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयानें ठरविलें कीं, गुन्हा कोणताहि असो, अटकेचीं कारणें लेखी आणि त्या माणसास समजेल अशा भाषेंत दिलीं पाहिजेत. अडचणीच्या प्रसंगीं आधीं तोंडी सांगितलीं तरी रिमांडसाठीं मॅजिस्ट्रेटापुढें नेण्याच्या किमान दोन तास आधीं तीं लेखी द्यावींत. नाहीं तर अटक बेकायदा ठरेल.

ज्या कोळणीचा जीव गेला, तिच्या घरास या निकालांतून काय मिळालें, हा प्रश्न कडू आहे आणि तो आम्हांस टोंचतो. पण कायदा एकदां ठरला कीं तो कोणा एकाच्या मालकीचा राहत नाहीं. धनिकाच्या वकिलांनीं जो मुद्दा उभा केला, त्याचा लाभ आतां प्रत्येक शेतमजुराचा, सुताराचा, कुंभाराचा आहे. तो मागितला मात्र पाहिजे. ‘कारणें मराठींत लिहून द्या’ हे चार शब्द ठाण्यावर नम्रपणें पण स्पष्ट बोलावेत.

आणि वकील? येथेंच आमचा मुख्य मुद्दा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत एका श्रीमंत घरच्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीखालीं दोन तरुण ठार झाले. त्याच दिवशीं त्यास जामीन मिळाला, आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट घातली गेली. सारा देश त्या निबंधास हंसला आणि चिडला. आम्हांस त्यांत दुसरी गोष्ट दिसते : पैशाचा वकील पहिल्या प्रहरींच हजर असतो. गरिबाचा वकील आला तरी कबुली देऊन झाल्यावर, कागदावर अंगठा उठल्यावर येतो. श्रीमंतीचा खरा फायदा मोठ्या वकिलाहून लवकर येणाऱ्या वकिलाचा आहे.

हा फायदा गरिबास द्यावा असें कायद्यानेंच ठरविलें आहे. १९७६ सालीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम आलें. पैशाच्या अडचणीमुळें कोणासहि न्याय नाकारला जाऊं नये, असें तें सांगतें. बिहारच्या तुरुंगांत खटल्याची वाट पाहत वर्षानुवर्षें खितपत पडलेल्या लोकांच्या प्रकरणांत, हुसैनारा खातून खटल्यांत, १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गरीब आरोपीस सरकारी खर्चानें वकील मिळणें हा हक्क ठरविला. १९८१ सालीं खत्री खटल्यांत सांगितलें कीं, आरोपी पहिल्यानें मॅजिस्ट्रेटापुढें येईल त्याच वेळेपासून हा हक्क आहे, आणि तो मॅजिस्ट्रेटानें त्यास समजावून सांगितला पाहिजे. १९८६ सालीं सुकदास खटल्यांत तर, आरोपीस या हक्काची माहिती न देतां वकिलावांचून खटला चालविला म्हणून झालेली शिक्षाच रद्द केली. आरोपीनें मागितलें नाहीं, ही सबब न्यायालयानें ऐकली नाहीं. गरिबास आपला हक्क ठाऊकच नसतो, तर तो मागणार कसा?

याच कामासाठीं १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आहे. मोफत वकील कोणास मिळतो? स्त्रिया व मुलें, अनुसूचित जाति व जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपानें गांजलेले, आणि जो कोणी कोठडींत किंवा तुरुंगांत आहे तो. यांस उत्पन्नाची अट नाहीं. बाकीच्यांस महाराष्ट्रांत वर्षाला ३ लाख रुपयांच्या आंत उत्पन्न असल्यास मिळतो. म्हणजे आमच्या बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांस आणि कारागिरांस हें दार उघडें आहे. वकिलाची फी, कोर्टाचा खर्च, कागदांच्या नकला हें सर्व त्यांत येतें. तालुक्याच्या कोर्टांत तालुका विधि सेवा समिति असते, जिल्ह्याच्या कोर्टांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असतें. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहितां येत नसेल तर तेथील माणूस लिहून घेतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनहि विचारतां येतें. आरोपी कोठडींत असेल तर मॅजिस्ट्रेटापुढें उभा राहतांच, “मला वकील पाहिजे, माझी ऐपत नाहीं,” एवढेंच बोलावें. पुढचें पाहणें न्यायालयाचें कर्तव्य आहे.

यावर आमचे लोक म्हणतात, “फुकटचा वकील काय कामाचा?” या बोलण्यांत थोडें तथ्य आहे. कांहीं वकील असें काम उरकून टाकतात, पक्षकाराशीं धड बोलतहि नाहींत. पण फीस घेऊन तारखेस न येणारे वकील काय आम्हीं पाहिले नाहींत? या कामास नेमलेल्या वकिलानें पक्षकाराकडून पैसा मागूं नये असा नियम आहे. मागितल्यास किंवा काम न केल्यास त्याच समितीकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागतां येतो. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत फौजदारी बचावासाठीं पगारी वकीलहि नेमले आहेत. हक्काच्या विहिरीचें पाणी गढूळ म्हणून विहीर बुजवावयाची नसते. ती उपसावयाची असते. ज्याचें उत्पन्न मर्यादेबाहेर आहे त्यानें खुशाल आपला वकील करावा, पण दलालानें आणलेला करूं नये. फी आधीं ठरवावी, पावती घ्यावी, आणि वकीलपत्र वाचून मग सही करावी.

गुन्हा कबूल करावा कीं नाहीं, हेंहि वकिलासच विचारावें. कधीं कधीं पुरावा पाहून वकीलच म्हणेल कीं, कबूल करून सौम्य दंड मागूं या. तसें असेल तर तसें करावें. पण तें समजून-उमजून करावें. या कबुलीनें शिक्षा नांवावर लागते, आणि पुढच्या वेळीं तोच गुन्हा ‘दुसरा’ म्हणून मोजला जातो.

जामिनाचीहि गोष्ट हीच. हमीदार नाहीं म्हणून आमचे लोक जामिनाच्या गुन्ह्यांतहि आंत बसून राहतात. जामिनाच्या गुन्ह्यांत जो अटकेपासून आठवड्याच्या आंत हमीदार देऊं शकत नाहीं, त्यास निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावें, असें कायदा सांगतो. तरी देशाच्या तुरुंगांचा हिशेब पहा. २०२२ सालच्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते, त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेलाच नव्हता. दर चार कैद्यांत तीन जण गुन्हा शाबीत झाल्यावांचून आंत! त्यांत निम्म्याहून अधिक अनुसूचित जाति, जमाति आणि इतर मागासवर्गांतले. हे सारे चोर-दरोडेखोर आहेत काय? कीं त्यांतल्या कित्येकांसाठीं वेळेवर उठून बोलणारें कोणी नव्हतें?

दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं, कारण त्या बाजूसहि गरीबच उभा असतो. नोव्हेंबर २००६ मध्यें मुंबईच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या तरुणाची मोटार पदपथावर झोंपलेल्या मजुरांवर गेली आणि सात मजूर मेले. पहिल्या न्यायालयानें २००७ सालीं सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात जिवांस सहा महिने! उच्च न्यायालयानें तो गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवून तीन वर्षें केलीं, आणि जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तीं कायम केलीं. मेलेल्याच्या घरच्यांसहि विधि सेवा समितीचें दार मोकळें आहे. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करावा, आणि तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत करावा. दहाव्याचा विधि आटोपला कीं कागदाच्या मागें लागावें. शोक वर्षभर पुरेल. मुदत पुरणार नाहीं.

सरकारकडे आमचें मागणें मोठें नाहीं. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर तालुक्यांतील मोफत वकिलांचीं नांवें व फोन ठळक मराठींत लावावेत, आणि अटकेची वेळ व डॉक्टरी तपासणीची वेळ आरोपीच्या माणसास लिहून द्यावी. यास नवा कायदा लागत नाहीं, फक्त मन लागतें. गांवोगांवच्या शिकलेल्या तरुणांकडे आमचें मागणें याहून मोठें आहे. तुम्ही कागद वाचूं शकतां. मग आपल्या आळींतल्या माणसास अटक झाली तर दलालाच्या आधीं तुम्हीं ठाण्यावर पोंचा, वेळा टिपा, कारणें लेखी मागा, आणि सकाळीं कोर्ट उघडतांच समितीच्या दारांत उभे रहा. एका रात्रीची ही मेहनत एखाद्या घरची म्हैस वांचवील.

आणि ज्यांच्या हातीं चाक आहे त्या बंधूंस एवढेंच सांगतों : प्यालांत तर गाडी तेथेंच ठेवा आणि पायीं या. तुम्हांस वकील मिळवून देतां येईल, पण रस्त्यावर मेलेला कोणाचा बाप परत मिळवून देणारा वकील अजून कोणत्याहि कोर्टांत उभा राहिलेला नाहीं.